आर्मी डिस्पोजलचा निसान वन टन : स्टीअरिंगचं काम, ड्रॅग लिंकपासून बॉक्सपर्यंत

घाटवाट

नमस्कार मंडळी. वन टनचं (लष्कराने वापरून लिलावात काढलेल्या जुन्या फोर बाय फोर गाडीचं) स्टीअरिंग सोडवायला घेतलंय, सगळं इथे टाकत जातो म्हणजे पुढे कुणाला लागलं तर एका जागी सापडेल. गाडी जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीची, जोंगात (लष्कराच्या जीपसारख्या गाडीत) असतं तेच सहा सिलिंडरचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन, पॉवर स्टीअरिंग अर्थातच नाही. मी लिलावातून थेट घेतलेली नाही, आधीच्या मालकाने घेऊन शेतावर वापरली आणि मग मला दिली. भोरजवळ असते.

तक्रार अशी की सरळ रस्त्यावरसुद्धा सतत डावी-उजवी दुरुस्ती करत चालवावी लागते, स्टीअरिंगच्या चाकाच्या कडेवर हाताची वीतभर तरी मोकळा खेळ आहे (म्हणजे तेवढं ते नुसतंच फिरतं, गाडी वळत नाही), आणि पंचेचाळीस-पन्नासच्या स्पीडला एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाकं अशी थरथरतात की ब्रेक मारून गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थांबत नाही. वरंधा घाटात हे झालं तर काय, या विचाराने गाडी सध्या बाहेर काढणं बंद केलंय. एका गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी खाली न वाकताच सांगितलं की स्टीअरिंगचा बॉक्स (आतल्या गिअरचा डबा) गेलाय, टाटा ४०७ चा पॉवर स्टीअरिंगचा बॉक्स टाकू. मला ते पटलं नाही. ओरिजिनल आहे तसं नीट करायचंय. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_ईएमई

घाटवाट, बॉक्सला हात लावू नकोस. बॉक्स सगळ्यात शेवटी. माझी सगळी नोकरी ईएमईमध्ये (लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात) गेली, वर्कशॉपला "स्टीअरिंग ढिलं" म्हणून आलेल्या गाड्यांत बॉक्स खरोखर गेलेला कमी वेळा निघायचा, आणि तरी प्रत्येक ड्रायव्हर बॉक्सच बोलायचा, कारण त्याच्या हाताला तोच जवळ असतो.

आधी कोरडी तपासणी कर. इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर, जॅक लावायचा नाही. एकाने वर बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे छोटं छोटं हलवत राहायचं, जोरात नाही, फक्त खेळ जातो तेवढंच. दुसऱ्याने खाली झोपून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची, अशी की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. ड्रॉप आर्मपासून (बॉक्सच्या शाफ्टवरचा आर्म) सुरू करून ड्रॅग लिंकचं (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं) पहिलं टोक, दुसरं टोक, मग टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. जिथे एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो तिथे बोटाला लगेच कळतं, डोळ्याला कळत नाही. बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी बसवलाय तिथेही बोट ठेव, बॉक्स स्वतःच चासीवर हलत असेल तर बाकी सगळं नवीन टाकून उपयोग नाही. तिथे चासीला तडा आहे का तेही बघ, ग्रीस आणि माती रॉकेलने धुऊन मगच बघ, वरवर नाही.

जीपवेडा

काका म्हणतात ते एकदम बरोबर. माझ्याकडे सीजे थ्री बी आहे डिस्पोजलची, तिच्यात मध्ये बेल क्रँक (पिनवर फिरणारा मधला आर्म) असतो आणि दोन टाय रॉड, म्हणजे झिजायला जागा अजून जास्त. मी पण बॉक्स बॉक्स करत होतो, सगळा खेळ बेल क्रँकच्या पिनमध्ये निघाला. आणि जीपच्या ड्रॅग लिंकमध्ये बॉल आतल्या कपात स्प्रिंगवर बसलेला असतो, टोकाला स्क्रू प्लग, तो पूर्ण आवळून मग स्प्लिट पिन जाईल इतकाच मागे घ्यायचा असतो. लोक तो करकचून आवळून ठेवतात, मग वळणानंतर स्टीअरिंग परत सरळ येत नाही आणि लोक म्हणतात जीप अशीच असते.

घाटवाट

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं, बायकोला वर बसवलं आणि मी खाली. निकाल असा : बॉक्स चासीला घट्ट आहे, तडा नाही. ड्रॉप आर्मकडचा ड्रॅग लिंकचा जॉइंट ठीक. ड्रॅग लिंकचं पुढचं टोक चांगलंच वाजतंय. टाय रॉडचं डावं टोक इतकं ढिलं की बॉल आत वर-खाली होताना दिसतो. उजवं टोक बरं वाटतंय.

पण मुख्य गोष्ट वेगळीच निघाली. ड्रॅग लिंकवरची माती धुतली तेव्हा मधोमध एक जाड पाइप चढवलेला दिसला आणि दोन्ही बाजूंनी वेल्डिंग, वर काळा रंग मारून लपवलेलं. फोटो टाकतोय. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसते, तो तडा आहे की फक्त रंग फुटलाय?

निवृत्त_ईएमई

तडा असो नसो, ती ड्रॅग लिंक आत्ता काढून बाजूला ठेव आणि ती परत लागणार नाही अशी सोय कर, कापून टाक, भंगारात अख्खी देऊ नको कारण ती कुणीतरी पुन्हा विकेल.

हे मी सगळ्यांसाठी लिहितोय. ड्रॅग लिंक, टाय रॉड, ड्रॉप आर्म, नकलचा (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याचा) आर्म, यातल्या कशावरही वेल्डिंग चालत नाही. वेल्ड केलेल्या जागेच्या शेजारचं लोखंड गरम होऊन त्याचा मूळ कस जातो, कुठे कडक ठिसूळ होतं कुठे मऊ, आणि हे पार्ट दिवसभर ओढ-ढकल ओढ-ढकल सोसत असतात. तुटायचं असतं ते वेल्डवर नाही तुटत, वेल्डच्या कडेला तुटतं, आणि तुटण्याआधी ड्रायव्हरला काहीही सांगत नाही. ड्रॅग लिंक तुटली की तुझ्या हातातलं चाक नुसतं फिरतं आणि पुढची चाकं त्यांना हवं तिकडे जातात. ब्रेक फेल झाला तर गिअर आहे, हँडब्रेक आहे. याला काहीच नाही. वाकलेली ड्रॅग लिंक गरम करून सरळ करणं हासुद्धा त्याच प्रकारातला धोका आहे.

कोल्हापुरी_पाना

+१. आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या जुन्या गाड्यांना सर्रास पाइप मारलेले असतात, सांगून सांगून थकलो. घाटवाट भाऊ, नवीन ड्रॅग लिंक बनवून घेणार की जुनी ओरिजिनल शोधणार?

घाटवाट

शोधतोय. पुण्यात नाना पेठेत फिरलो, वन टन म्हटल्यावर दुकानदार लोक आठवणी सांगतात पण पार्ट नाही. दिल्लीला काश्मिरी गेट आणि मायापुरीला ओळखीतून विचारलंय, आणि जबलपूरला डिस्पोजलचं सामान ठेवणारे आहेत त्यांनाही.

लेथवाली

भोसरीत आमचं मशीन शॉप आहे म्हणून थोडं बोलते. दांडा अख्खा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर रस्ता असा की टोकं, म्हणजे बॉल जॉइंट, चालू ट्रकचे चांगल्या कंपनीचे घ्यायचे, राने मद्राससारख्यांचे बाजारात सहज मिळतात, आणि मधला दांडा एकसंध योग्य स्टीलमधून करून त्याला आटे पाडायचे. जोड नाही, वेल्ड नाही. स्टील कुठलं, हीट ट्रीटमेंट कुठली हे नीट कागदावर लिहून घ्यायचं आणि दांडा झाल्यावर त्याची क्रॅक टेस्ट करून घ्यायची, पुण्यात ते करून देणारे भरपूर आहेत.

पण दादा, खरी मेख टेपरची आहे. बॉल जॉइंटचा खुंटा शंकूच्या आकाराचा असतो आणि तो आर्मच्या भोकात टेपरवर बसतो, नट फक्त त्याला ओढून धरतो. आता टेपर १:८ चा पण असतो आणि १:१० चा पण, दिसायला दोन्ही सारखेच, हाताने घालून बघितलं तर दोन्ही बसल्यासारखे वाटतात. म्हणून मार्किंग ब्लू घे, खुंट्याला पातळ हात मार, भोकात घालून थोडंसं फिरव आणि बाहेर काढून बघ. निळा रंग पूर्ण लांबीवर सारखा पुसला गेला तर टेपर जुळला. फक्त वरच्या कडेला किंवा फक्त खालच्या कडेला पुसला गेला तर तो खुंटा एका रेघेवर टेकलाय, नट कितीही आवळलास तरी चालून चालून ढिला होणार आणि भोक खाणार. असा जुळत नसेल तर आर्मचं भोक मोठं करून काम भागवू नको, दुसरा जॉइंट शोध.

घाटवाट

ताई, हे कुणी सांगत नाही हो. आभार. लगेच विचारतो, जुने खुंटे भोकातून निघत नाहीयेत. नट काढून हातोडीने वरून मारलं तर आटे चेपतील ना?

जीपवेडा

वरून अजिबात मारू नको. दोन हातोड्या घे, एक जड. जड हातोडी आर्मच्या डोळ्याच्या (खुंटा बसतो त्या भोकाभोवतीच्या भागाच्या) एका बाजूला टेकवून धरायची आणि दुसऱ्या बाजूने बरोबर समोर दणका द्यायचा. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो, टक्क असा वेगळा आवाज येतो. नट पूर्ण काढू नको, दोन-तीन आट्यांवर ठेव म्हणजे दांडा तोंडावर पडणार नाही.

निवृत्त_ईएमई

हो, पण ही हातोडीची पद्धत ड्रॉप आर्मला लावायची नाही. ड्रॉप आर्म पुलरनेच काढायचा. तिथे मारलेला प्रत्येक घाव शाफ्टमधून आत बॉक्समधल्या वर्मवर (स्क्रूसारख्या गिअरवर) आणि बेअरिंगवर जातो. आणि पुलर लावण्याआधी सेंटर पंचने आर्मवर आणि शाफ्टवर एकेक खूण कर, स्प्लाइन (शाफ्टवरचे दाते) एक दात जरी इकडेतिकडे बसला तरी एका बाजूला वळण कमी मिळतं.

टाय रॉड काढताना एक टोक उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेव, आणि जुनी लांबी खुंट्याच्या मध्यापासून खुंट्याच्या मध्यापर्यंत मोजून लिहून ठेव म्हणजे नवीन टोकं लावल्यावर निदान वर्कशॉपपर्यंत गाडी नेता येईल. डावं-उजवं दोन्ही टोकं बदल, एक बरं आहे म्हणून ठेवू नको.

थरथर मात्र फक्त या जॉइंटने नसेल. किंग पिन (जिच्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन) बघितलीस का?

घाटवाट

चाक उचलून वर-खाली धरून हलवलं, दोन्ही बाजूंना खेळ आहे. डावीकडे जास्त. पण तो हबच्या बेअरिंगचा की किंग पिनचा हे कसं ओळखू?

निवृत्त_ईएमई

सोपं आहे. गाडी घोडीवर (स्टँडवर), चाक हवेत. वर-खाली हलवताना एकाला ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो हबच्या बेअरिंगचा, कारण ब्रेकने ड्रम आणि मागची प्लेट एकमेकांना धरली. ब्रेक दाबूनही राहिला तर किंग पिन.

फोर बाय फोरच्या या गोळेवाल्या बंद नकलमध्ये किंग पिन म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लांब दांडा नसतो, कारण मधून एक्सलचा जॉइंट जातो. वर एक छोटा तुकडा, खाली एक. त्यांची बेअरिंगं, आणि टोपीखाली शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या). शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल. लोक काय करतात, खेळ आला की टोपी उघडून शिम काढून टाकतात. पण बेअरिंगच्या बाहेरच्या कपावर खळगे पडलेले असतील तर शिम काढून खेळ जातो आणि त्याऐवजी स्टीअरिंग त्या खळग्यांत अडकत अडकत फिरतं. जी बेअरिंगं सरळ चालतानाच वर्षानुवर्षं मार खातात त्यांचे खळगे नेमके सरळ स्थितीतच पडतात. म्हणून कप काढून, पुसून, नखाने चाचपून बघ.

घाटवाट

काका दंडवत. ब्रेकची टेस्ट केली, दोन्हीकडे किंग पिनच. डावी बाजू आज खोलली. गोळ्यातलं ग्रीस पाण्यासारखं पातळ होऊन काळं झालंय, एक्सलमधलं ऑइल आतलं सील ओलांडून गोळ्यात येत होतं आणि तिथून बाहेरच्या वायपर सीलमधून ब्रेकवर. खालच्या बेअरिंगच्या कपावर तुम्ही म्हणालात तसे खळगे, ओळीने, नख चालवलं की टक टक टक लागतं. पिंजरा तुटून त्याचे तुकडे तळाला. वरचं बेअरिंग त्यामानाने चांगलं पण सगळीच बदलतोय. कपावरचे नंबर वाचता आले, त्यावरून नाना पेठेतच मिळाली, तिथे गाडीचं नाव सांगितलंच नाही, फक्त बेअरिंग पुढे केलं.

कोल्हापुरी_पाना

हेच. मिलिटरीच्या गाडीला पार्ट मिळत नाही म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं की बेअरिंग आणि सील गाडीच्या नावाने मागू नका, नंबरने आणि मापाने मागा. सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, व्हर्नियरने मोजा, सीलवर खाचा पडलेल्या असतील तर शाफ्टवरचं माप घ्या. बुश असेल तर आमच्या उद्यमनगरात गन मेटलचं कुणीही करून देईल.

लेथवाली

फक्त बुश बसवल्यावर रीमर (भोक मापात करणारं हत्यार) मारायचा हं. बाहेर मापात केलेलं बुश ठोकून बसवलं की आतून थोडं आकुंचतं, आणि मग शाफ्ट जात नाही म्हणून लोक पॉलिश पेपर मारत बसतात, भोक गोल राहत नाही.

मस्कतवाला

घाटवाट, दोन शब्द. इकडे आखातात निसान पॅट्रोल सिक्स्टी (जुनी फोर बाय फोर) अजून जीव लावून सांभाळणारे आहेत, जोंगा त्याच घराण्यातला, त्यामुळे जोंगावाल्यांना काही सामान इकडून मिळू शकतं. वन टन वेगळी गाडी असल्याने पार्ट नुसत्या फोटोवरून मागवू नका, जुना समोर ठेवून प्रत्येक माप जुळवा. दिवाळीला येतोय, सील-बेअरिंगसारखं हलकं काही लागलं तर नंबर कळवा.

घाटवाट

अपडेट. जबलपूरहून ड्रॅग लिंक मिळाली, वापरलेली पण एकसंध, सरळ, लेथवाली ताईंच्या सांगण्यावरून क्रॅक टेस्ट करून घेतली, पास. टोकं चारही नवीन, मार्किंग ब्लू लावून बघितली, ड्रॅग लिंकच्या पुढच्या टोकाला आधी आणलेला जॉइंट खरोखर फक्त वरच्या कडेला टेकत होता, परत केला आणि दुसरा आणला. किंग पिनची बेअरिंगं, आतलं-बाहेरचं सील सगळं नवीन. शिम लावताना टाय रॉड सुटा ठेवून, बाहेरचं सील न लावता, नकलच्या आर्मच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढून बघितलं, दोन्ही बाजू सारख्या जोराला फिरेपर्यंत शिम बदलत बसलो. वेळखाऊ आहे पण हातात आलेला फरक सांगता येत नाही, आधी नकल लोंबायची, आता रेशमासारखी फिरते आणि सोडली तिथे थांबते.

एवढं सगळं लावल्यावर खेळ चाकाच्या कडेवर तीन-चार बोटांवर आलाय. आता जो उरलाय तो बॉक्सचा. काका, आता लावू का हात?

निवृत्त_ईएमई

आता लाव. आधी प्लग काढून आत काय भरलंय ते बघ.

घाटवाट

ग्रीस. गच्च.

निवृत्त_ईएमई

वाटलंच होतं. खालचं सील गळायला लागलं की ऑइल थांबत नाही, म्हणून सील बदलायच्या ऐवजी ग्रीस भरतात. ग्रीस गळत नाही हे खरं, पण वर्म फिरला की ते बाजूला सरकतं आणि बाजूलाच राहतं, परत वाहून येत नाही. वर्म कोरडा चालतो. ते सगळं रॉकेलने काढ, सील बदल, आणि ९० नंबरचं गिअर ऑइल प्लगच्या पातळीपर्यंत भर.

मग ॲडजस्टिंग स्क्रू. ड्रॅग लिंक सोडून ठेव. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे फिरतं ते मोज, त्याच्या बरोबर निम्म्यावर आण. ॲडजस्टमेंट फक्त या मधल्या स्थितीत करायची. वर्म मधे मुद्दाम घट्ट आणि टोकांना सैल असा बनवलेला असतो, झीजही मधेच होते. टोकाला वळवून तिथला खेळ काढायला गेलास तर मधे आल्यावर जाम होईल. स्क्रू थोडा थोडा आवळत जा, मध्य ओलांडताना हाताला अगदी किंचित जड लागलं की थांब, लॉक नट आवळ. पूर्ण खेळ शून्य करायचा नाही.

जीपवेडा

आणि शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूने किंचित जवळ ठेवणं. व्हील अलाइनमेंटच्या दुकानात वन टन चढवायला जागा देतीलच असं नाही. घरी करता येतं : चाक उचलून फिरवत टायरच्या मध्यावर खडूने पट्टा ओढ आणि त्यावर खिळ्याने बारीक रेघ, मग गाडी जमिनीवर घेऊन थोडी पुढे ढकल, आणि एक्सलच्या उंचीला पुढून रेघ ते रेघ आणि मागून रेघ ते रेघ मोज. पुढचं माप मागच्यापेक्षा दोन-तीन मिमी कमी हवं. मापल्यावर टाय रॉडचे क्लॅम्प आवळायला विसरू नको.

निवृत्त_ईएमई

कॅसल नटला (वर खाचा असलेल्या नटला) स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळूनच जुळवायचा, मागे ढिला करून नाही. आणि जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत वापरायची नाही, खिळा तर नाहीच नाही.

घाटवाट

झालं. टो-इन अडीच मिमीवर ठेवला. बॉक्सचं ऑइल, सील, स्क्रू सगळं तुम्ही सांगितलं तसंच. खेळ आता दोन बोटं. साठपर्यंत नेली, त्याच खड्ड्यांतून नेली, थरथर नाही. वरंधा अजून केला नाही, थोडी चालवून सगळे नट परत तपासणार आणि मगच. काका, ताई, जीपवेडा, पाना भाऊ, मनापासून आभार, तुम्ही नसता तर त्या पाइप मारलेल्या ड्रॅग लिंकवर मी नवीन पॉवर बॉक्स बसवून घाट उतरलो असतो.

नवा_चालक

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी वन टन किंवा जोंगा घ्यायच्या विचारात आहे. दोन प्रश्न. डिझेल इंजिन टाकलेली घेतली तर चालेल का, पेट्रोल परवडत नाही. आणि पॉवर स्टीअरिंग खरंच नको का, आईलाही गाडीतून शेतावर न्यायचं असतं, कधी बहीण चालवेल.

कोल्हापुरी_पाना

डिझेल टाकलेल्या खूप आहेत. पण त्यातली बरीच इंजिनं मूळच्यापेक्षा जड असतात, आणि ते सगळं वजन पुढच्या एक्सलवर येतं. स्टीअरिंग जड, किंग पिनची बेअरिंगं लवकर जातात, स्प्रिंगचे पाटे बसतात. मग कुणीतरी पुढे जास्तीचे पाटे घालतं, पुढचा भाग उंच होतो, कॅस्टर (किंग पिनचा पुढे-मागे असलेला कल) बदलतो आणि ज्याने त्याने परत बॉक्सलाच नाव ठेवायचं. अशी गाडी बघताना पाट्यांचे डोळे, बुश आणि शॅकल पिना आधी बघ, त्यात खेळ असेल तर अख्खा एक्सलच पुढेमागे होतो.

निवृत्त_ईएमई

पॉवर स्टीअरिंगला माझा विरोध नाही, पण आधी जुन्याचा सगळा खेळ काढ आणि मग ठरव. खेळ असलेल्या लिंकवर पॉवर बॉक्स लावला तर ड्रायव्हरला हाताला कळणारं सगळं बंद होतं आणि जॉइंट मात्र दुप्पट जोराने खेचला जातो. शिवाय बॉक्स बदलणं म्हणजे चासीवर नवीन ब्रॅकेट, ड्रॉप आर्मची लांबी वेगळी, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत बदल करण्याबाबतच्या) प्रश्न आहेच, आरटीओत आधी विचार. सगळं नीट असलेलं वन टनचं स्टीअरिंग गाडी हलती असताना कुणीही फिरवू शकतं, जागेवर उभ्या गाडीची चाकं पिळायची नाहीत एवढी सवय हवी. बहिणीलाही तेच सांग.

नवा_चालक

आणि लिलावात गाडी चालवून बघता येत नाही म्हणे, मग स्टीअरिंग कसं तपासायचं?

घाटवाट

बघायला सोडतात त्या दिवशी जुने कपडे, टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन जा आणि खाली झोप. यार्डात उभी असली तरी वर एकाला बसवून कोरडी तपासणी करता येते, त्याला इंजिन लागत नाही. ड्रॅग लिंक आणि टाय रॉड ब्रशने घासून बघ, वेल्ड किंवा पाइप दिसला तर तेवढ्याच्या नवीन सामानाचा खर्च बोलीतून आधीच वजा कर. गोळ्यांवरून ऑइल ओघळलंय का बघ, ब्रेकपर्यंत ओलं असेल तर आतलं सील गेलंय. आणि इंजिन नंबर, चासी नंबर रिलीज ऑर्डरवरच्या नंबरांशी जुळतात का हे स्वतः डोळ्याने वाचून घे, त्याशिवाय पैसे भरू नको, नंबरात एक आकडा चुकला तरी नोंदणीला आरटीओत अडकशील.